आठ महिने घरची जाजीकी: जाळीचा डबा, पंचा आणि काकडीचं पाणी

सप्टेंबरात ऑनलाइन मागवलेला दही गाळायचा डबा आता मे संपत आला तरी वापरात आहे, म्हणजे त्यातला निम्मा तरी. निम्मा का, ते पुढे येईलच. डबा म्हणजे एकात एक बसणारी दोन भांडी. आतलं बारीक जाळीचं, बाहेरचं प्लास्टिकचं, वर झाकण. जाळीत दही ओतायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी खाली पाणी आणि वर चक्का. किलोभर दही आरामात मावतं. किंमत हजाराच्या आत. श्रीखंडासाठी कुणी असला डबा घेणार नाही, तिथे पंचा पुरतो. मी घेतला जाजीकीसाठी, म्हणजे गाळलेलं दही, काकडी आणि लसूण यांच्या ग्रीक कोशिंबिरीसाठी, कारण ती आमच्याकडे जवळजवळ दर आठवड्याला लागायला लागली.

हा शब्द तुम्ही मेनूकार्डावर ‘त्झात्झिकी’ असा वाचला असेल. माझा दीर मर्चंट नेव्हीत, बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर. त्याने पहिल्याच दिवशी मला थांबवलं. “वहिनी, जावई म्हणताना जो ज लावता तोच, दोन्ही ठिकाणी.” आपल्याकडे तो आयताच आहे. शब्द मुळात तुर्की ‘जाजक’वरून आलेला, आणि तिथे मात्र जिवातला ज. तुर्कांचा जाजक पातळ, वाटीत घेऊन चमच्याने खायचा. ग्रीकांची जाजीकी घट्ट. ग्रीसमधल्या पिरेअस बंदरातल्या खाणावळीत दीर बसला होता तेव्हा बशीत चमच्याने काढलेली नक्षी जेवण संपेपर्यंत तशीच होती म्हणे. माझी पहिल्या दोन महिन्यांतली जाजीकी पाच मिनिटांत पसरायची आणि कडेने पाणी सुटायचं.

सगळ्यात मोठी फजिती ३१ डिसेंबरला, सोसायटीच्या गच्चीवर. वीसेक माणसांसाठी मोठं सट भरून केली. घाई होती म्हणून काकडी किसली आणि न पिळता थेट चक्क्यात ढकलली. आठ वाजता वर नेली तेव्हा छान दिसत होती. साडेनऊला कुणीतरी विचारलं, “मठ्ठा तुम्ही आणलाय का?” शेजारणीने अगदी मनापासून ग्लासात ओतून घेतला आणि लसूण लागल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या पदार्थात लसूण, तेल, शेपू यांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण खरं काम एकच, पाणी काढणं. ते दोनदा काढायचं, एकदा दह्यातलं आणि एकदा काकडीतलं. काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणीच असतं. आपण कोशिंबिरीत मीठ शेवटी घालतो, ताटं घेतल्यावर, म्हणजे पाणी सुटायच्या आत ती पोटात जाते. इथे बरोब्बर उलट करायचं. मीठ आधी, भरपूर आधी, आणि सुटेल ते सगळं पाणी पिळून टाकायचं. तीनशे ग्रॅमची एक काकडी, बिया काढून, किसून, अर्धा चमचा मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवते. मग मूठ-मूठ घेऊन पिळते. पहिल्या पिळण्याला पाण्याची धारच लागते. दुसऱ्याला थेंब येतात. तिसऱ्या वेळी हातात काकडीचा सुका, फिकट हिरवा गोळा राहतो, तो मुठीचा आकार धरून बसतो. इथपर्यंत आलात की थांबा. वजन करून पाहिलं, निम्मंही उरत नाही. हे पाणी खारट असतं, लिंबू पिळून पिऊन टाकायचं.

किसणीपेक्षा सासूबाईंची पद्धत सरस निघाली, हे मान्य करायला मला फेब्रुवारी उजाडला. त्या खमंग काकडीला करतात तशी काकडी चोचवतात, म्हणजे हातात उभी धरून सुरीने उभ्या-आडव्या चिरा देत बारीक तुकडे पाडत जातात. किसलेली काकडी पिळली की तिचा लगदा होतो. चोचवलेली पिळली तरी दाताखाली कुरकुरते. वेळ दुप्पट लागतो आणि अंगठा सांभाळावा लागतो. चार माणसांसाठी असेल तर मी चोचवते, जास्त असतील तर किसणी. आणि टोकाचा तुकडा घासून फेस काढला तरी काकडी कडू निघू शकते, चाखल्याशिवाय घालू नका. एका कडू काकडीपायी अर्धा किलो चक्का वाया गेलाय.

आता दही. बाजारात ‘ग्रीक’ नावाने मिळणारे डबे मी तीन-चार प्रकारचे आणून पाहिले. काही खरोखर गाळलेले असतात, काहींना दूध पावडर किंवा स्टार्च घालून घट्टपणा आणलेला असतो. मागच्या बाजूचे घटक वाचा, तिथे दूध आणि विरजण याखेरीज काही नसावं. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे बऱ्याच डब्यांवर नुसतं ‘ग्रीक-स्टाईल’ लिहिलेलं असतं. फाये आणि चोबानी या दोन कंपन्यांच्या खटल्यात तिथल्या कोर्टाने ठरवलं की ग्रीसमध्ये बनलेल्या दह्यालाच नुसतं ‘ग्रीक योगर्ट’ म्हणायचं, आणि २०१४ साली अपिलातही तेच कायम राहिलं. आपल्या घरात ते कुणी तपासायला येत नाही. पण नाव बाजूला ठेवलं तर आपला चक्का आणि त्यांचं गाळलेलं दही सख्खी भावंडं आहेत.

सख्खी, पण जुळी नव्हेत. पाडव्याला डेअरीतून आणतो तो चक्का मी एकदा वापरला आणि पस्तावले. तो आंबट असतो, आणि श्रीखंडात तसाच बरा, कारण त्यात साखर पडणार असते. जाजीकीत साखर नाही, त्यामुळे आंबटपणा लपायला जागाच नाही. शिवाय तो इतका कोरडा की काकडीला धरत नाही, गोळे होतात. म्हणून दही घरी गोड लावायचं. फुल क्रीम दूध, म्हणजे पिशवीवर ६ टक्के फॅट लिहिलेलं, उकळी आल्यावर लगेच बंद न करता मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत ठेवते. दूध असं तापत राहिलं की त्यातली प्रथिनं उलगडतात आणि दही जास्त घट्ट लागतं. मग बोट सहन करेल इतकं कोमट झाल्यावर विरजण. डोंबिवलीच्या मे महिन्यात चार तासांत लागतं, जानेवारीत आठ-नऊ तास. लागल्या लागल्या फ्रीजमध्ये, आणि गाळायचं तेही फ्रीजमध्येच. एका लिटर दुधाच्या दह्यातून रात्रभरात मला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. टोन्ड दुधाचं करून पाहिलं, तेव्हा साडेतीनशे भरला आणि चवीला रुक्ष.

डब्याची खरी सोय इथे कळते. पंचा बांधून नळाला लटकवला तर मे महिन्यात सकाळपर्यंत दही आंबून जातं, आणि पंचा फ्रीजमध्ये टांगणार कुठे? डबा झाकण लावून कप्प्यात बसतो, दह्याला फ्रीजमधल्या भाजीचा वास लागत नाही. सहा तासांनी उघडलं तर मऊ, बारा तासांनी जाजीकीजोगं, चोवीस तासांनी जवळपास श्रीखंडाचं. हा ताबा पंच्यात नाही. धुण्याचं मात्र काम आहे. म्हशीच्या दुधाचा स्निग्ध थर जाळीत अडकतो. आधी थंड पाणी, उलट्या बाजूने, मऊ ब्रशने, मग कोमट पाणी आणि साबण. पहिल्याच दिवशी मी कढत पाणी ओतलं आणि जाळीतलं दही चिकटून बसलं, ते काढायला दोन दिवस भिजवावं लागलं.

लसूण गावठी असेल तर दोन पाकळ्या पुरतात. खलबत्त्यात मिठाबरोबर वाटायची आणि त्यावर लगेच चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवायची. आंबट पदार्थ वेळीच पडला की लसणाचा जळजळीतपणा वाढायचा थांबतो. हे न करता घातली तर दुसऱ्या दिवशी डबा उघडताच शेजारी कळतं. लिंबू चालतं, पण दीर म्हणतो तिकडे त्याने व्हिनेगरच जास्त पाहिलं. तेलाबाबत तडजोड नाही, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दोन मोठे चमचे. स्वयंपाकासाठी मोठ्या डब्यांत मिळतं ते बहुतेकदा पोमस तेल असतं, म्हणजे ऑलिव्हच्या उरलेल्या चोथ्यातून काढलेलं, त्याला चवच नाही. दाण्याच्या तेलाने करून पाहिली, वाईट लागली नाही, पण ती जाजीकी नव्हती.

आणि शेपू. ज्या शेपूच्या भाजीवरून माझ्या मुलाने लहानपणी ताट ढकललं होतं, तोच शेपू तो आता यात बोटाने पुसून खातो. ग्रीक लोक जो डिल घालतात तो आपला शेपूच, आपला जरा जास्त उग्र. म्हणून कोवळा घ्यायचा, देठ काढायचे आणि दोन चमचे, बस. सायप्रसमध्ये यालाच तालातूरी म्हणतात आणि शेपूऐवजी पुदिना घालतात, तीही उन्हाळ्यात छान लागते. सगळं कालवल्यावर दोन-तीन तास फ्रीजमध्ये मुरू द्या. दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगली, तिसऱ्या दिवशी लसूण वरचढ, चौथ्या दिवशी मी ठेवत नाही.

कशाबरोबर? ग्रीसमध्ये सुवलाकीबरोबर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर, पिटाबरोबर, तळलेल्या वांग्याबरोबर. हे शेवटचं ऐकलं आणि मी त्याच संध्याकाळी वांग्याचे काप केले. रवा लावलेले, कुरकुरीत, गरम काप आणि वर गार जाजीकीचा गोळा. या एका जोडीसाठी सगळा खटाटोप करावा. तळलेल्या मांदेलींबरोबरही करायचं मनात होतं, पण सासूबाई मासे आणि दही एका ताटात येऊ देत नाहीत, आणि त्या वादात मी पडत नाही.

खाली साठणारं पाणी अर्धा लिटरच्या आसपास असतं. थालीपीठ त्यात भिजवलं की मऊ होतं आणि छान आंबूस लागतं. एकदा वाया जायला नको म्हणून तूरडाळ त्यातच कुकरला लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणक. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही हे मला माहीत होतं, चिंच आपण नंतरच घालतो की, पण हे पाणी आंबट आहे हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

आता डब्याचं. सहाव्या महिन्यात, मार्चमध्ये, जाळी जिथे प्लास्टिकच्या चौकटीला जोडली होती तिथून एका बाजूने सुटली. सकाळी पाहते तर निम्मं दही खालच्या पाण्यात. कंपनीला फोटोंसह लिहिलं. जाळी हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही, असं उत्तर आलं. सुटी जाळी विकत मिळते का विचारलं, तर नाही, पूर्ण डबाच घ्या. पंधरा दिवस मी रागाने जाजीकीच केली नाही.

मग सासूबाईंनी जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा काढून दिला. आता त्याच डब्याच्या बाहेरच्या भांड्यावर स्टीलची पुरणाची चाळणी बसवते, तिच्यात पंचा, पंच्यात दही, वर ताटली, आणि सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. चक्का तितकाच चांगला होतो. नवा पंचा घेतलात तर आधी उकळून त्याची खळ घालवा, आणि धुताना साबण पावडर वापरू नका, तिचा वास चक्क्याला लागतो. नवीन डबा घ्यावा का? रोज लागत असेल आणि फ्रीजमध्ये जागा कमी असेल तर घ्या, पण जाळी स्टीलची आणि चौकटीला पक्की दाबून बसवलेली आहे का, ते आधी पाहा. माझ्या डब्याची सुटलेली जाळी सध्या गॅलरीत आहे, तिच्यावर कढीपत्ता वाळतोय.