सोन्यावर एन्झाइम: नुसतं चिकटवायचं की बांधायचं?

नाशिकच्या द्राक्षांवरचं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक ओळखायला ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम (कीटकनाशकाने ते मंदावतं, त्यावरूनच कळतं) सोन्याच्या इवल्याशा इलेक्ट्रोडवर बसवायचं होतं.

एन्झाइमचा थेंब थेट टाकला तर तासाभरात काम होतं. स्वस्त, सोपं. पण धुताना बरंचसं सुटून येतं, उरलेलं आडवंतिडवं पडतं; काही रेणूंची सक्रिय जागा, म्हणजे जिथे काम होतं तीच, सोन्याकडे तोंड करून बसते!

थायॉलचा, म्हणजे एका टोकाला गंधक असलेल्या रेणूचा, रस्ता वेळखाऊ. गंधक सोन्याला घट्ट धरतो, हे १९८३ मध्ये नुझो आणि अलारा यांनी डायसल्फाइडांवर (गंधकाची जोडी असलेल्या रेणूंवर) दाखवलं. इलेक्ट्रोड रात्रभर थायॉलच्या इथेनॉलमधल्या द्रावणात ठेवायचा, एक रेणू जाडीचा थर बसतो, मग त्याच्या मोकळ्या कार्बॉक्सिल (आम्ल) टोकाला ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी एन्झाइम जोडायचं. थायॉलची कार्बन-साखळी मात्र आखूड घ्या. आम्ही अकरा कार्बनांची घेतली आणि विद्युतप्रवाहच मंदावला, आठवडा वाया.

एकदाच वापरायच्या पट्टीला थेंब पुरे. इलेक्ट्रोड द्राक्षाच्या रसात बराच वेळ बुडणार असेल, तर मी थायॉलच घेईन.