३०० ला १.४ टीसी लावावा की २००-५०० झूम घ्यावी?

कोल्हापूरच्या कळंबा तलावावर सकाळी कॅमेरे घेऊन येणाऱ्या मंडळींमध्ये हा विषय हमखास निघतो. ७०-३०० मिमीच्या झूम लेन्सवर हात बसलेला असतो, पक्षी ओळखता यायला लागलेले असतात, पण फोटोत ते बोटाच्या पेराएवढेच दिसतात. मग दोन रस्ते समोर येतात: ३०० एफ४ प्राइम (झूम न होणारी, एकाच लांबीची लेन्स) घेऊन तिला १.४ चा टेलीकन्व्हर्टर, म्हणजे टीसी (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, लांबी १.४ पट करणारी भिंगाची जोड) लावायचा, नाहीतर सरळ २००-५०० घ्यायची. मी आधी झूम वापरली, आता ३०० पीएफ (खास भिंगामुळे आखूड आणि हलकी झालेली ३०० एफ४) आणि टीसी-१४ई थ्री हा १.४ चा टीसी वापरतो. बॉडी तीच, डी५००. सगळं निकॉनचं. दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्समध्येही साधारण अशीच निवड करावी लागते, पण जे स्वतः वापरलंय त्याबद्दलच लिहितो.

टीसी उजेड खातो, म्हणून नको, असं बरेच जण सांगतात. या जोडीला ते लागू होत नाही. १.४ चा टीसी एक स्टॉप घेतो, म्हणजे उजेड निम्मा होतो (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), आणि ३०० एफ४ ची ४२० एफ५.६ होते. झूम मुळातच एफ५.६ आहे. शटर स्पीड आणि आयएसओ दोन्हीकडे सारखेच येतात. खरा फरक आहे तो ४२० आणि ५०० मधला, आणि तो ऐकायला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एकाच जागेवरून टिपलेल्या एकाच वारकरी पक्ष्यावर ५०० ला जवळजवळ चाळीस टक्के जास्त पिक्सेल मिळतात. पाण्याच्या मधोमध राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकांसाठी किंवा बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकलीसाठी झूम उजवी, याबद्दल माझं दुमत नाही.

शार्पनेसचं म्हणाल तर टीसी लावल्यावर ३०० किंचित मऊ होते आणि एफ६.३ ला पुन्हा सावरते. माझी झूमही ५०० ला तशीच वागायची. दोन्हींचे फोटो मिसळून दाखवले तर कुठला कशाने काढलाय हे मला सांगता येणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या कुणालाही अजून सांगता आलेलं नाही. डीएसएलआर असेल तर टीसीसकट एएफ फाइन ट्यून (फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तो दुरुस्त करायची कॅमेऱ्यातली सोय) मात्र वेगळं तपासून घ्या. टीसी मऊ आहे अशा तक्रारींतल्या काही तरी तिथेच मिटतील असं वाटतं.

माझा निर्णय झाला तो डाव्या हातामुळे.

२००-५०० चं वजन सव्वादोन किलोच्या पुढे आहे. हातात धरून फोटो काढायचे तर तो सगळा भार डाव्या तळव्यावर येतो. झूम रिंगही त्याच हाताने फिरवायची. आणि ती २०० पासून ५०० पर्यंत एका दमात फिरत नाही. मनगट वळतं तेवढं वळवायचं, पकड सोडायची, पुन्हा धरायची, पुन्हा फिरवायची. ट्रायपॉडवर याचं काही वाटत नाही. पण मी गाडीवरून फिरतो, उसाच्या बांधावर उभा राहतो, तलावाच्या काठावरच्या चिखलात बसतो. तिथे ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत पक्षी कुठच्या कुठे गेलेला असतो.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरची कापशी घार हे याचं उत्तम उदाहरण. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, थोडी खाली येते, पुन्हा थांबते, आणि मग पंख वर करून, पाय पुढे काढून गवतात झेप घेते. झूमवाल्याने काय करायचं? २०० ला शोधायची, थांबली की ५०० ला जायचं. आता ज्या हातावर सगळं वजन आहे तोच हात पकड सोडून पुन्हा धरतो, तेवढ्यात फ्रेम हलते. फोकस पॉइंट घारीवरून सुटून मोकळ्या आभाळावर जातो. आभाळात धरायला काहीच नसल्यामुळे फोकस हंट करायला, म्हणजे पुढे-मागे चाचपडायला लागतो, समोर नुसता निळा धूर दिसतो. तो परत जागेवर येईतो घार गवतात उतरलेली असते. हे माझ्यासोबत इतक्या वेळा झालं की पुढे मी झूम कायम ५०० लाच ठेवायला लागलो. अनेक जण तसंच करतात आणि ते बरोबरच आहे. पण रिंग फिरवायचीच नसेल तर त्या रिंगसाठी एवढं वजन का वाहायचं, हा विचार एकदा डोक्यात आला तो गेलाच नाही.

३०० पीएफ ७५५ ग्रॅमची, टीसी १९० चा. दोन्ही मिळून एक किलोसुद्धा नाही. डाव्या हाताला एकच काम उरतं, धरायचं. घार वर गेली की कॅमेरा तिच्यासोबत वर जातो, खाली आली की खाली. ४२० ला पक्षी फ्रेममध्ये आणायला सुरुवातीला सराव लागतो. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला आणि डावा डोळा उघडा ठेवायची सवय केली की तेही अंगवळणी पडतं. तासाभराने हात भरून येत नाही, त्यामुळे पक्षी काही करेपर्यंत लेन्स डोळ्याला लावून थांबता येतं. माझे झेपेचे जे काही फोटो जमलेत ते या थांबण्यामुळे जमलेत.

दुसरी एक गोष्ट मला नंतर कळली आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. टीसीमुळे लेन्सचं सर्वांत जवळचं फोकस अंतर बदलत नाही. ३०० पीएफ १.४ मीटरवर फोकस करते, टीसी लावूनही तेवढ्यावरच करते, म्हणजे तेवढ्या जवळून ४२० मिळते. २००-५०० ला मागे सरकून २.२ मीटरवर जावं लागतं. पावसाळा सरत आला की पठारावर फुलं येतात, त्यांच्यावर फुलपाखरं येतात, आणि कळंब्याच्या काठच्या काड्यांवर चतुर बसलेले असतात. चतुराच्या पंखांची जाळी, पंखाच्या टोकाजवळचा तो गडद ठिपका आणि पाठीवर थांबलेला दवाचा थेंब, हे सगळं वेगळी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) न लावता मिळतं. दीड मीटर दूर असल्यामुळे चतुर उडतही नाही.

झूमच्या बाजूने बोलायचं तर शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले मोर आठवतात. माणसांना सरावलेला मोर वाटेवरून समोर चालत आला की ४२० ला पिसारा मावत नाही, तुरा आणि डोळा घेऊन गप्प बसावं लागतं. २०० वर येता आलं असतं तर अख्खा मोर मिळाला असता. पीएफ लेन्सची म्हणून एक वेगळी अडचणही आहे: फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या कडेला तीव्र उजेड आला की रंगीत वर्तुळं उमटू शकतात. रंकाळ्यावर संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य उतरताना, पाणी चमकत असताना पाणकावळ्यांच्या छायाकृती घ्यायच्या असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. शिवाय प्राइम आणि टीसी मिळून झूमपेक्षा महाग पडतात.

टीसी सारखा काढ-घाल करायची कटकट होते, हेही ऐकू येतं. खरं आहे, वाऱ्यात ते करूच नये. जोड एकाऐवजी दोन, टोपणं दुप्पट, आणि धूळ थेट सेन्सरवर. मी घरूनच लावून निघतो आणि तो दिवसभर तसाच राहतो. राधानगरीला जाताना मात्र घरीच काढून ठेवतो. तिथल्या दाट झाडीत एफ५.६ ला आयएसओ फार चढतो, आणि संध्याकाळी बाहेर पडणारा गवा ३०० ला पुरून उरतो. तिथे हलकी एफ४ हातात असणं ही माझ्या लेखी चैन आहे, झूमकडे ती नाही. पावसाळी हवेत झूमची नळी बाहेर येते-जाते, त्यामुळे आत घेण्याआधी दर वेळी पुसावी लागते, हेही ओघाने आलंच.

२ एक्सबद्दल, म्हणजे लांबी दुप्पट करणाऱ्या टीसीबद्दल, थोडक्यात. ६०० एफ८ ऐकायला छान वाटतं, पण दोन स्टॉप जातात, म्हणजे १/१००० चा शटर १/२५० वर येतो. डी५०० च्या १५३ फोकस पॉइंटांपैकी एफ८ ला १५ च चालतात. बसलेल्या खंड्यापुरतं जमेल, उडत्या पक्ष्यासाठी मी तरी घेणार नाही. मिररलेस बॉडीवर एफ८ चा फोकस एवढा अडत नाही, तिथे २ एक्सचा विचार करता येईल. काहीच न घेता क्रॉप करायचं म्हटलं तर १.४ एवढी मजल मारायला निम्मे पिक्सेल द्यावे लागतात. व्हॉट्सॲपवर चालतं, प्रिंटला मला पटत नाही. दुपारी पाण्यावर किंवा पठारावर हवा थरथरायला लागली की यातलं काहीच उपयोगाचं नाही, लेन्स बॅगेत ठेवलेली बरी.

तुम्ही चारचाकीतून, खिडकीवर बीनबॅग टाकून फोटो काढत असाल, किंवा एकाच तलावावर ट्रायपॉड लावून बसत असाल, तर २००-५०० घ्या, पस्तावणार नाही. पाठीवर सॅक अडकवून दुचाकीवर फिरणार असाल तर मी ३०० म्हणेन, आणि टीसी लगेच घेऊ नका. एक हिवाळा नुसती ३०० वापरा, पक्ष्याच्या जवळ जायला शिका, मग घ्या.

टीसी जुना घेतला तरी चालतो. आतली काच टॉर्चने दोन्ही बाजूंनी तपासा, बुरशीचे धागे असतील तर सोडून द्या. लेन्सला लावून हलकेच हलवून पाहा, माउंट ढिला वाटता कामा नये. टीसीची पुढची काच बाहेर आलेली असते, त्यामुळे तो प्रत्येक लेन्सला बसत नाही. ७०-३०० ला तर बसवायला जाऊच नका. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा.