दोन खेपांचा एकच मुक्काम: पार्किंगच्या नोटिशीत गेलेले ६० पौंड

इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींनी, विशेषतः नुकतंच इथे आलेल्यांनी, हे जरूर वाचा.

मागच्या फेब्रुवारीत घरी एक पत्र आलं. वर ठळक अक्षरांत 'पार्किंग चार्ज नोटीस', खाली आमच्या नंबरप्लेटचे दोन फोटो. रक्कम १०० पौंड, १४ दिवसांत भरली तर ६०. घराजवळच्या रिटेल पार्कमध्ये तीन तास पार्किंग फुकट आहे, तिथे आम्ही म्हणे साडेपाच तास होतो. आमचं व्हिसाच्या मुदतवाढीचं काम तेव्हा चालू होतं. बायको म्हणाली, "भरून टाक रे, नसती भानगड नको." मी जागच्या जागी कार्ड काढलं आणि ६० पौंड भरले. हा सरकारी दंड आहे असंच मी धरून चाललो होतो.

तो दंड नव्हताच. कौन्सिल (इथली नगरपालिका) पाठवते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस' आणि खाजगी कंपनी पाठवते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हीला लोक पीसीएनच म्हणतात आणि कागदाचा थाटही सारखाच. खाजगी कंपनीचं म्हणणं इतकंच असतं की फलकावरच्या अटी म्हणजे करार, तो तुम्ही मोडलात, आता पैसे द्या. हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. आपला पत्ता त्यांना डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून मिळतो, एका नोंदीला अडीच पौंड मोजून.

एप्रिलमध्ये दुसरं पत्र आलं. त्याच कंपनीचं, त्याच जागेचं. गाडी आत १०:३१, बाहेर १७:०९. तो शनिवार मला लख्ख आठवत होता. सकाळी किराणा घेऊन आम्ही अकराच्या सुमारास बाहेर पडलो होतो आणि मुलाचे बूट बदलून घ्यायला पावणेपाचला परत गेलो होतो. फोटो मोठे करून पाहिले. सकाळच्या फोटोत बंपरवर पावसाचे थेंब, संध्याकाळच्या फोटोत बंपर कोरडा.

फाटकावरचा कॅमेरा नंबर टिपतो. मागची गाडी चिकटून आली, प्लेट चिखलाने माखली, तर मधलं एखादं जाणं-येणं निसटतं. मग यंत्रणा दिवसातलं पहिलं येणं आणि शेवटचं जाणं यांची जोडी लावते आणि दोन छोट्या खेपांचा एक लांबलचक मुक्काम होतो. इथले लोक याला 'डबल डिप' म्हणतात. माणसाने ते तपासून पाहायला हवं, पण आमच्या बाबतीत कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

या वेळी मी पैसे भरले नाहीत. सकाळच्या किराण्याची १०:५२ची पावती होती, पण एकट्या पावतीने गाडी बाहेर गेली हे सिद्ध होत नाही. खरा पुरावा फोनमध्ये सापडला. दुपारी गावातल्या कौन्सिलच्या कार पार्कचे पैसे ॲपवरून भरले होते. त्या पावतीवर गाडीचा नंबर होता आणि वेळ होती १२:१४ ते १५:१४. एक गाडी एका वेळी दोन जागी कशी उभी राहील? मी 'गाडीचा नोंदणीकृत कीपर', म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो, म्हणून लिहिलं, चालक कोण ते लिहिलं नाही. कंपनीने ठरावीक मजकुराचं नकारपत्र पाठवलं. पावतीचा त्यात उल्लेखही नव्हता.

इथेच बरेच जण हात टेकतात, कारण स्वस्तातले ६० हातचे जातात आणि १०० समोर दिसतात. पण नकारासोबत स्वतंत्र अपिलाचा मार्ग द्यावाच लागतो. पार्किंग कंपन्यांच्या ज्या संघटनेची ती कंपनी सभासद असेल त्याप्रमाणे पॉप्ला किंवा आयएएस ही अपील ऐकणारी संस्था. पॉप्लाला २८ दिवस असतात, फी नसते. मी तेच कागद तिथे टाकले आणि कंपनीने नोटीस मागे घेतली.

पत्र आलं की तारखा बघा. काचेवर नोटीस लावली नसेल आणि कंपनीला पैसे कीपरकडून हवे असतील, तर २०१२च्या कायद्याप्रमाणे गाडी उभी केल्यापासून १४ दिवसांत पत्र पोहोचायला हवं. हा नियम इंग्लंड आणि वेल्सपुरता. वेळ संपल्यावर निदान १० मिनिटांची सवलतही असते.

"फाडून फेक, काही होत नाही," असं सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्डच्या एका प्रकरणात दोन तासांच्या जागी ५६ मिनिटं जास्त थांबल्याबद्दलचे ८५ पौंड कायम ठेवले होते. वसुलीवाल्यांची पत्रं फक्त पत्रं असतात, ते घरात शिरू शकत नाहीत. पण कोर्टाचा कागद आला तर उत्तर द्यायलाच हवं. आणि भाड्याचं घर बदललं की गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीपत्रावरचा) पत्ता त्याच आठवड्यात बदला. नाहीतर दावा जुन्या घरी जातो, तुमच्या नकळत निकाल लागतो आणि तो सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशीही आम्ही तिथे दोन वेगळ्या खेपा केल्या होत्या, हे नंतर आठवलं. मी पैसे परत मागितले. उत्तर आलं की रक्कम भरलीत म्हणजे प्रकरण मिटलं. दुसरं पत्र लिहून ठेवलंय, पण त्याला जोडायला काही नाही. त्या दिवसाच्या पावत्या मी घरी आल्या आल्या कचऱ्यात टाकल्या होत्या.