टीसीएस३४७२५ च्या नावाने भलतीच चिप : रंग-सेन्सर घेणाऱ्यांनी जरूर वाचा

तासगाव भागातल्या एका बेदाणा शेडसाठी आम्ही रंग तपासायचं छोटं यंत्र बनवत होतो. बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो. हिरवट-पिवळ्या मालाला चढा दर, काळपट मागे पडतो. टीसीएस३४७२५ सेन्सरचे बोर्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले. 'शंभर टक्के ओरिजिनल' असं त्याने मेसेजवर लिहिलं होतं आणि दरही ओरिजिनलचाच लावला.

टेबलावर, बोर्डावरच्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात सगळं चोख चाललं. शेडच्या दाराशी ऊन आलं की मात्र हिरवा आणि तपकिरी बेदाणा यंत्राला जवळपास सारखाच दिसे.

असं का होतं ते नीट समजून घ्या, फसवणूक तिथेच आहे. सेन्सरमधला प्रकाश मोजणारा भाग, म्हणजे सिलिकॉनचा फोटोडायोड, साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पकडतो. आपल्या डोळ्याला ७०० च्या पुढचं जवळपास काही दिसत नाही. डायोडवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर हा न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश अडवत नाहीत. म्हणून खऱ्या टीसीएस३४७२५ मध्ये अवरक्त रोखणारा वेगळा फिल्टर चिपवरच असतो. जास्तीचे पैसे आपण त्याच्यासाठी मोजतो. आमच्या चिपवर तो नव्हताच. उन्हात आणि जुन्या पिवळ्या बल्बमध्ये अवरक्त भरपूर असतं, बेदाणा हिरवा असो की तपकिरी, ते जोरात परत फेकतो आणि रंगातला फरक त्यात बुडून जातो. पांढऱ्या एलईडीत अवरक्त नगण्य, त्यामुळे घरच्या चाचणीत असला माल बिनबोभाट पास होतो.

चिपचा आयडी वाचून निर्धास्त होऊ नका. हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली अंकपद्धत. चिपचा पत्ता हेक्स २९, त्यातला आयडीचा कप्पा (रजिस्टर) हेक्स १२, तो वाचल्यावर उत्तर हेक्स ४४ यायला हवं. आमच्या बोर्डांनी तेच दिलं! प्रचलित लायब्ररी (सेन्सर वाचायचे तयार प्रोग्राम) हा आकडा तपासतात, म्हणून नक्कल करणाऱ्याने तेवढं बरोबर जुळवलं होतं. हे अनवधानाने होत नाही.

खरी परीक्षा टीव्हीच्या रिमोटची, कारण तो अवरक्त प्रकाशच सोडतो. अंधाऱ्या खोलीत बोर्डावरचा एलईडी बंद करा, रिमोट सेन्सरवर रोखून बटण दाबून धरा. फिल्टर असेल तर आकडे जेमतेम हलतात. आमचे एकदम उसळले.

विक्रेत्याचं उत्तर : "सर, कंपॅटिबल आहे, सगळ्यांचं चालतं." मग, "परतीची मुदत संपली." याचा मला मनापासून संताप आहे. अशा सेन्सरवर प्रतवारी केली असती तर वर्षभर राबलेल्या बागायतदाराचा चांगला माल हलक्या दरात गेला असता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. बिलावर त्याने फक्त 'कलर सेन्सर मॉड्यूल' लिहिलंय आणि आता त्याचाच आधार घेतोय. तुम्ही घेताना चिपचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर तिथून माल घेऊ नका.