प्रबंध लिहून देणाऱ्यांनी माझी फसवणूक कशी केली

लहान उद्योगाने नवे यंत्र घ्यावे की नाही हे कसे ठरवावे, हा अर्थशास्त्राच्या पदवीसाठी मी घेतलेला प्रबंधाचा विषय होता. पहिली दोन प्रकरणे मी स्वतः लिहिली होती. पुढे प्रश्नावलीच्या विश्लेषणाशी काम अडले, मुदत जवळ आली आणि ‘फक्त तक्ते करून देतो’ म्हणणाऱ्या एका सेवेशी मी संपर्क साधला. आठवड्याभरात बोलणे तक्त्यांवरून ‘अर्धवट काम आम्ही घेत नाही, पूर्ण प्रबंधच द्या’ इथपर्यंत आले आणि मी होकार दिला. ती चूक माझीच होती. ती लपवण्यात अर्थ नाही, कारण या लोकांचा सगळा धंदाच त्या चुकीवर चालतो.

निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले फाइल मिळण्याआधी, अशी अट होती. फाइल हाती पडली ती मुदतीच्या आदल्या रात्री. वाचून तपासायला वेळच उरू नये म्हणून हा उशीर मुद्दाम केला जातो, अशी आता माझी खात्री झाली आहे. मी घाईने पाने उलटली, मांडणी नीटनेटकी दिसली आणि प्रबंध सादर केला.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी पहिलाच तक्ता उघडून विचारले, ‘उत्तरदाते ४० आहेत ना? मग त्यांतले ३७ टक्के म्हणजे किती माणसे?’ मी हिशेब केला, तर उत्तर आले १४.८. चाळीस जणांमधला प्रत्येक जण अडीच टक्के धरला जातो, त्यामुळे ३५ किंवा ३७.५ टक्के येऊ शकतात, ३७ येऊ शकत नाहीत. म्हणजे प्रश्नावली कोणी भरलेलीच नव्हती. आकडे बसल्या जागी रचलेले होते.

पुढचा दोष त्याहून गंभीर होता, कारण प्रबंधाचा निष्कर्षच त्यावर आधारलेला होता. यंत्रासाठी १,००,००० गुंतवायचे, चार वर्षे दरवर्षी ३०,००० मिळायचे, वटाव दर (पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढताना वापरायचा वार्षिक दर) १० टक्के, असे उदाहरण घेऊन ‘एकूण प्राप्ती १,२०,०००, म्हणून प्रकल्प फायदेशीर’ असे लिहिले होते. वटाव दराचा उल्लेख होता, पण तो वापरलेला कुठेच नव्हता. वापरला तर त्या चार रकमांचे आजचे मूल्य सुमारे ९५,०९६ भरते आणि निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, उणे ४,९०४ येते. थोडक्यात, त्या दराने हे यंत्र घेऊ नये. प्रकल्पातल्या कामांचे वेळापत्रक आखण्याची क्रिटिकल पाथ पद्धत व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री गँट यांच्या नावावर टाकली होती. गँट यांचे निधन १९१९ मधले आणि ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेली. शिवाय एकामागून एक करायच्या कामांच्या साखळ्यांपैकी सर्वांत कमी दिवसांची साखळी क्रिटिकल म्हणून दाखवली होती. वास्तविक सर्वांत जास्त दिवस घेणाऱ्या साखळीलाच तसे म्हणतात, कारण तीच प्रकल्पाचा कालावधी ठरवते. साहित्यचोरी पकडली जाऊ नये म्हणून शब्दांची यांत्रिक अदलाबदल केलेली होती, त्यामुळे ‘संधी खर्च’ (एक पर्याय निवडल्याने सोडावा लागलेल्या दुसऱ्या सर्वोत्तम पर्यायाचा लाभ) काही पानांवर ‘मोक्याची किंमत’ झाला होता. संदर्भसूचीतले तीन लेख शोधले, तर नियतकालिके खरी, पण त्या अंकांतल्या त्या पानांवर दुसरेच लेख छापलेले होते.

मी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आले: ‘तक्रार केलीत तर तुमचा प्रबंध कोणी लिहिला हे तुमच्या महाविद्यालयाला कळवू.’ त्यानंतर गप्प राहण्यासाठी म्हणून आणखी रक्कम मागण्यात आली. नाव, महाविद्यालय, मार्गदर्शकांचे नाव ही माहिती मीच अर्जात भरून दिली होती. ती तेव्हा कशासाठी हवी होती, याचा विचार मी केला नव्हता.

मी ती रक्कम दिली नाही. सगळे संदेश आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन स्वतःच प्राध्यापकांकडे गेले आणि घडले ते सांगितले. प्रबंध रद्द झाला, एक सत्र वाया गेले, पण धमकी देणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. त्यांचा पुढचा संदेश आला तेव्हा मी उत्तरही दिले नाही. अशा कचाट्यात कोणी सापडले असेल, तर आणखी पैसे देण्याआधी मार्गदर्शकांना गाठावे, असे मी कळकळीने सांगते. आता मी प्रश्नावल्या स्वतः भरून घेत आहे. आजवर २६ जमल्या आहेत आणि तक्त्यात २६ च लिहिले आहेत.