बिनविरोध की निवडणूक? दोन्ही कारभार पाहिल्यावर

गावात सरपंच बिनविरोध करायचं घाटू लागलं की पोरं विचारतात, ‘काका, तुम्ही दोन्ही पाहिलं, कोणतं बरं?’ पारावरची गोष्ट मग लगेच चीनवर जाते. तेही बरोबरच आहे. कारभार एकाच्या हाती द्यायचा की सगळ्यांच्या, हा प्रश्न गावाला पडतो तसाच देशालाही पडतो.

एकहाती कारभाराची बाजू लंगडी नाही. आमच्याकडे पाच वर्षं बिनविरोध सरपंच होते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दोन-दोन हातांच्या भांडणात वीस वर्षं अडलेली पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, त्यांनी एका उन्हाळ्यात बरीचशी मोकळी केली. त्या वर्षी भर पावसात माझी खताची बंडी वावरापर्यंत गेली. देशांचंही असंच दिसतं. भांडवल लावणाऱ्याला जमीन लवकर हवी असते, आणि आजचं धोरण उद्या बदलू नये असं वाटतं. चीनमधल्या शेन्झेनला १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झालं, आज ते महानगर आहे. दक्षिण कोरियाची कारखानदारीही पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीतच उभी राहिली.

माझं मन फिरलं ते एका बंधाऱ्यामुळे.

नाल्यावर बंधारा मंजूर झाला आणि जागा सरपंचांनीच दाखवली. माझ्या शेजारच्या वावरातले आजोबा, वय ऐंशीच्या घरात, काठीने मातीत रेघ ओढून सांगायचे, ‘भाऊ, पुरात हा नाला इथून वळते. बंधारा वर सरकवा.’ पण ते सांगत होते मला. वर सांगायला जागाच नव्हती. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब व्हायची, तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि मोजक्या सह्यांवर ठराव व्हायचा. विरोधात एकही सदस्य नाही, मग प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या नोंदींची वही, मागणार कोण? पहिल्याच मोठ्या पावसात पाणी बंधाऱ्याच्या बाजूने फुटलं. बंधारा जागेवर राहिला. माझा धुरा आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वीसेक ओळी काळ्या मातीसकट गेल्या, खालची चुनखडी उघडी पडली. पाणी कुठून येणार हे गावातल्या एका माणसाला ठाऊक होतं, ही गोष्ट मला नुकसानीपेक्षा जास्त लागली. अजून लागते.

तेव्हापासून चीनकडे मी या बंधाऱ्यावरूनच पाहतो. १९५८ नंतर तिथले खालचे अधिकारी धान्याचे फुगवलेले आकडे वर पाठवत राहिले आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. १९७८ मध्ये शियाओगांग गावच्या शेतकऱ्यांनी सामूहिक शेतीची जमीन घरटी वाटून घेतली, तीही चोरून. पुढे सरकारने तीच वाट धरली. शहाणपण गावात होतंच, ते उघड बोलायची सोय नव्हती. एक मूल धोरण मागे घ्यायला तर २०१५ उजाडलं. आपल्याकडे आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचा हिशेब लोकांनी १९७७ मध्ये मतपेटीतून मागितला. आमच्या विदर्भाने तेव्हाही काँग्रेसलाच साथ दिली, पण निदान विचारलं तरी गेलं.

निवडणुकीचे त्रास मी लपवणार नाही. आदल्या रात्री पैसे वाटले जातात. भाऊबंदकी पेटते, वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद होतं. पांदणीचा उरलेला तुकडा अजून अडलेलाच आहे. ज्याला रस्ता आजच हवा, त्याला एकहाती कारभार बरा वाटेल, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण सगळ्यांना विचारलं की धंदा बसतो, हे मला पटत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने चालते. २००९ मध्ये तिला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गावाने आपला बांबू स्वतः बाजारात विकला.

तुमच्याकडे बिनविरोधची बैठक असेल तर जा, मान राखा, पण एका तरी वॉर्डात दुसरा अर्ज राहू द्या. आमच्याकडे पुढच्या खेपेला दोन सदस्य विरोधातले आले. बंधाऱ्याच्या बाजूच्या भिंतीचा ठराव व्हायला चार सभा गेल्या, आवाजही चढले. चौथ्या सभेनंतर सगळे नाल्यावर गेले, आजोबांना मोटरसायकलवर बसवून नेलं. त्यांनी काठी टेकवली, आणि इंजिनिअरच्या माणसाने तिथे चुन्याची फक्की टाकली.