सिमोरीन की एरिन? राजकन्या आणि ड्रॅगन यांच्या दोन कादंबऱ्यांपैकी आधी कोणती घ्यावी

मे महिन्याच्या सुट्टीत माझी बारा वर्षांची भाची आमच्याकडे महिनाभर राहायला आली होती. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तिला काहीतरी वाचून दाखवायचे, असे मी कबूल करून बसलो होतो. तिची अट एवढीच होती, की गोष्टीत राजकन्या हवी, ड्रॅगनही हवा, पण राजकन्येला ड्रॅगनच्या तावडीतून सोडवणारा राजपुत्र नको. ही अट पुरी करणारी आणि मला स्वतःला आवडलेली दोन इंग्रजी पुस्तके घरात होती. एक पॅट्रिशिया रीडी यांचे १९९० सालचे ‘डीलिंग विथ ड्रॅगन्स’ आणि दुसरे रॉबिन मॅकिन्ली यांचे १९८४ सालचे ‘द हीरो अँड द क्राउन’. आम्ही दोन्ही वाचली. मी इंग्रजी परिच्छेद वाचायचा आणि ती जेथे अडेल तेथे मराठीत सांगायचे, अशी आमची रीत होती. या दोहोंपैकी आधी कोणते घ्यावे, असे अलीकडे दोन-तीन परिचितांनी विचारले, म्हणून हा अनुभव लिहून काढत आहे. तो एका घरातला आणि एका मुलीचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आम्ही सुरुवात सिमोरीनपासून, म्हणजे ‘डीलिंग विथ ड्रॅगन्स’पासून केली आणि पहिल्या रात्रीपुरता तो निर्णय अगदी योग्य ठरला. सिमोरीन ही लिंडरवॉल नावाच्या राज्यातली धाकटी राजकन्या. तिला तलवारबाजी शिकायची असते, ती बंद होते. मग जादू, लॅटिन, स्वयंपाक, अर्थशास्त्र असे एकेक विषय ती चोरून शिकते आणि प्रत्येक वेळी हे राजकन्येला शोभत नाही म्हणून शिकवणी थांबवली जाते. शेवटी एका देखण्या पण मठ्ठ राजपुत्राशी तिचे लग्न ठरू लागते. तेव्हा ती घरातून निघते आणि आपण होऊन कझूल नावाच्या ड्रॅगनकडे राहायला जाते. तेथे तिच्याकडे रांधण्याचे काम येते, खजिन्याची मोजदाद येते आणि ग्रंथालय लावण्याचेही काम येते. तिला खरा त्रास ड्रॅगनचा होत नाही. तो होतो तिची सुटका करायला रोज गुहेच्या दारात येऊन उभ्या राहणाऱ्या सरदारांचा. माझ्या भाचीची अट या पुस्तकाने पुरी केलीच, शिवाय तिची यथेच्छ थट्टाही केली.

या पुस्तकातली एक गंमत तर मराठीत सांगताना मूळ इंग्रजीपेक्षा अधिक खुलते. ड्रॅगनांच्या जगात ‘राजा’ हे एका पदाचे नाव आहे आणि नर असो वा मादी, त्या पदावर कोणीही येऊ शकते. ‘राणी’ हे निराळे पद आहे आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे कोणाला नको असते. इंग्रजीत हा विनोद सर्वनामावर भागतो. मराठीत मात्र क्रियापदालाच लिंग असल्याने ‘ती राजा झाली’ असे सरळ म्हणावे लागते. हे वाक्य ऐकून भाची इतकी हसली, की पुढचे दोन दिवस घरात जो तो काही ना काही ‘झाली’ होता. रीडी यांच्या पुस्तकाच्या पारड्यात हे वजन मी मुद्दाम आधी टाकतो, कारण पुढे मला त्या पारड्याविरुद्ध बोलायचे आहे.

माझी अडचण तिसऱ्या-चौथ्या रात्री सुरू झाली. या पुस्तकातला निम्म्याहून अधिक विनोद युरोपीय परीकथांच्या पाठीवर बसलेला आहे. सिमोरीनला शेजारच्या ड्रॅगनकडे पकडून आणलेली ॲलियानोरा नावाची एक राजकन्या भेटते. रीतसर राजकन्या होण्यासाठी जे जे अपघात घडावे लागतात, ते तिच्या बाबतीत घडता घडत नाहीत. तिच्या नामकरणाला दुष्ट परी येते, पण शाप न देता मजेत नाचून-खाऊन निघून जाते. तिला गवताच्या काडीतून सोने कातायला बसवतात, तर तिच्या हातून निघतो तो साधा लिननचा धागा. मोठ्या माणसाला वाचताना हे सगळे फार मिश्कील वाटते. पण ज्या मुलीने गवतापासून सोने कातणाऱ्या राजकन्येची गोष्टच ऐकलेली नाही, तिला सोन्याऐवजी धागा निघाला यात हसण्यासारखे काय आहे, हे कळायचे कसे? मग मी वाचन थांबवायचो, मूळ परीकथा सांगायचो, मागे जाऊन तो परिच्छेद पुन्हा वाचायचो आणि भाची माझ्याकडे बघून, माझे मन राखण्यापुरते, हसायची. बाटलीतल्या जिनच्या प्रसंगाला तेवढी ही कसरत करावी लागली नाही, कारण अरबी सुरस कथा तिच्या परिचयाच्या होत्या, आणि नेमका तोच प्रसंग तिला सर्वांत आवडला. एका रात्री मी दहा पाने वाचली आणि त्यांपैकी चार ठिकाणी थांबलो, असे मला स्पष्ट आठवते. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे गार झालेले पोहे. पोट भरते, पण कोणी पुन्हा मागत नाही.

ही तक्रार पुस्तकाविरुद्ध नाही, हेही नमूद केले पाहिजे. लेखिकेने ते ज्या मुलांसाठी लिहिले, त्यांना त्या परीकथा पाळण्यापासून पाठ असतात. आपल्याकडेही ज्या घरांत ग्रिम बंधूंच्या कथा, झोपलेली राजकन्या, काचेची चप्पल हे सारे मुलांच्या कानांवरून आधीच गेलेले असते, तेथे ही अडचण जाणवणारही नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना तर ती बहुधा येणारच नाही. पण आमच्या घरी ती आली आणि आमच्यापुरता निकाल तिनेच दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूने लावला.

एरिनच्या पुस्तकाची अडचण नेमकी उलटी आहे. ते दार उघडतानाच कुरकुरते. ‘द हीरो अँड द क्राउन’ सुरू होते ते गोष्टीच्या मध्यावर आणि लगेच काही वर्षे मागे जाते. दरम्यान डामार हे राज्य, ‘सोल’ आणि ‘सोला’ हे राजघराण्यातल्या मुलींचे आणि मुलांचे किताब, ‘केलार’ ही रक्तातून येणारी शक्ती, ‘सुर्का’ ही राजरक्ताच्या माणसाखेरीज इतरांना विषारी असलेली वनस्पती, अशी नावे एकामागून एक अंगावर येतात. मॅकिन्ली यांची वाक्येही लांब आहेत. एका वाक्यात घोडा, ऊन आणि वीस वर्षांपूर्वीचे दुःख असे तिन्ही मावते. पहिल्या दोन रात्री भाचीने जांभया दिल्या, हे मी लपवत नाही. या पुस्तकाला बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिले जाणारे न्यूबेरी पदक १९८५ साली मिळाले आहे. पण पदकाच्या शिक्क्याने मुलाची जांभई थांबत नाही.

तरीही येथे मला समजावून सांगावे लागले ते फक्त शब्द. गोष्टीतली माणसे तिची तिला कळत होती. एरिन ही राजाची एकुलती एक मुलगी, पण आई परमुलखातली आणि चेटकी म्हणून कुजबुजीचा विषय झालेली, शिवाय मुलीच्या जन्मावेळीच गेलेली. राजवाड्यात गलाना नावाची एक देखणी, टोचून बोलणारी चुलतबहीण. तिने डिवचले म्हणून एरिन हट्टाने सुर्काची पाने खाते आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळते. यात काय समजावायचे? नात्यातल्या लग्नात एकदा मिरवून आलेल्या कोणत्याही बारा वर्षांच्या मुलीला गलाना ओळखीची असते.

पुढे तर एक प्रसंग असा आला, की वाचणाराच पेचात पडला. एरिनचा खरा शत्रू तिच्या आईचा सख्खा भाऊ आहे. (हे आधी सांगितल्याने फार बिघडत नाही. पुस्तकातही ते अंतिम लढतीच्या बरेच आधी कळते.) मी ते वाक्य वाचले आणि भाची क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “म्हणजे कंस! मामा, तो तुझ्यासारखा मामा आहे.” डामारपासून मथुरा किती दूर, पण तेथे पोहोचायला तिला माझी गरज पडली नाही.

आता दोन्ही पुस्तकांत समान असलेल्या एका गोष्टीकडे येतो, कारण माझा कल तिच्यामुळे पक्का झाला. ड्रॅगन म्हटला की आग आली, आणि दोन्ही राजकन्यांना त्या आगीपासून वाचण्याचा उपाय जुन्या पुस्तकात सापडतो. सिमोरीनला कझूलच्या ग्रंथालयात एक मंत्र मिळतो. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे कोंबडीच्या दातांची पूड. इंग्रजीत दुर्मिळ वस्तूला कोंबडीचे दात म्हणतात, त्यावरची ही कोटी आहे. (ही कोटीही मला समजावून सांगावी लागली, हे ओघाने आलेच.) ती पूड मिळते, मंत्र जमतो आणि गोष्ट पुढे सरकते. हा प्रकार हलकाफुलका आहे आणि तसाच असावा अशी लेखिकेची इच्छाही आहे.

एरिनला मात्र ‘केनेट’ नावाच्या लेपाची कृती सापडते ती अर्धवट. घटक दिलेले असतात, त्यांचे प्रमाण नसते. मग ती मुलगी कोणालाही न सांगता मिश्रणे करून पाहत राहते. एक बिघडते, दुसरे बिघडते, तिसरे जरा बरे जमते आणि पुन्हा बिघडते. हे काम तिला दिवसांचे किंवा महिन्यांचे नव्हे, वर्षांचे होऊन बसते. त्याच काळात ती वडिलांच्या तलत नावाच्या, लढाईत पाय जायबंदी झाल्यामुळे निवृत्त केलेल्या पांढऱ्या घोड्याशी मैत्री जुळवते आणि लगामावाचून त्याच्यावर बसायला शिकते. ड्रॅगनवधाला अजून अवकाश असतो. शिवाय डामारमधले त्या काळचे ड्रॅगन कुत्र्याएवढे, उपद्रवी जनावरांत जमा होणारे. त्यांना मारण्यात प्रतिष्ठा नसते, नुसते काम असते. ते कोणाला नको म्हणून ते एरिनच्या वाट्याला येते. साहसकथेत इतकी पाने तयारीला देण्याचे धाडस मी फार थोड्या लेखकांत पाहिले आहे. मला वाटले होते, भाचीला हा भाग कंटाळवाणा होईल. पण रोज रात्री पुस्तक उघडताच तिचा पहिला प्रश्न असे, “लेप जमला का?” सिमोरीनच्या पुस्तकात ती पुष्कळ हसली, परंतु तिने असा प्रश्न एकदाही विचारला नाही.

मॉर नावाचा प्रचंड काळा ड्रॅगन येतो तो त्यानंतर, आणि त्याच्यापुढे हा इतक्या कष्टाने जमवलेला लेपही पुरा पडत नाही. एरिन जिंकते, पण भाजते, मोडते आणि दीर्घकाळ खोकत राहते. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. मॉरचे तोडलेले शिर विजयचिन्ह म्हणून राजवाड्यात आणले जाते आणि त्या मेलेल्या शिरातूनच निराशा सगळीकडे झिरपू लागते. बारा वर्षांच्या मुलीला हे जड जाईल का, अशी शंका पालकांना येणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे त्या रात्री दिवा थोडा उशिरा मालवला गेला, एवढेच घडले. मूल त्याहून लहान किंवा हळवे असेल, तर थांबावे. याच पुस्तकात एरिनचे मन दोन पुरुषांत गुंतते आणि हा गुंता लेखिका कोणाला दोष न देता तसाच राहू देते. दहा वर्षांच्या मुलाला त्यात रस वाटणार नाही.

म्हणून मूल दहाच्या आतबाहेर असेल, इंग्रजी नुकतेच सुटे वाचू लागले असेल आणि पाश्चात्त्य परीकथा त्याच्या कानांवर असतील, तर सिमोरीनचे पुस्तक घेण्यात काहीच चूक नाही. वाक्ये सोपी आहेत, संवाद भरपूर आहेत आणि लिंबाच्या साबणपाण्याने जादूगार विरघळतात ही गोष्ट कोणालाही आवडेल अशीच आहे. त्याचे पुढचे भाग घेताना मात्र जपावे. ही चार पुस्तकांची माला आहे आणि तिचा चौथा भाग सर्वांत आधी, १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. केवळ प्रकाशनवर्षे पाहून क्रम लावला, तर सिमोरीनच्या आधी तिच्या मुलाशी भेट होते.

एरिनच्या बाबतीतही असाच प्रश्न येतो. मॅकिन्ली यांचे डामारवरचे ‘द ब्लू सोर्ड’ हे पुस्तक १९८२ साली, म्हणजे आधी आले, पण त्याची कथा एरिननंतर कित्येक पिढ्यांनी घडते. तोवर डामारचा बराच मुलूख परक्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात गेलेला असतो. त्यांची छावणी, त्यांचा चहा आणि सरहद्दीवरच्या त्यांच्या कंटाळवाण्या संध्याकाळी वाचताना इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानची आठवण आपल्याला वेगळी करून द्यावी लागत नाही. मराठी वाचकाला ते पुस्तक आपल्या निराळ्या कारणांनी भावेल. तरी मी ते एरिननंतरच देईन.

एरिनचे पुस्तक घ्यायचे ठरल्यास एक सोय करावी. पहिल्या पानात एका कागदावर सोल, सोला, केलार, सुर्का आणि पाच-सहा माणसांची नावे लिहून ठेवावीत, आणि सुरुवातीची प्रकरणे मोठ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावीत. कुरणात उभा असलेला लंगडा तलत एकदा आला, की पुस्तक मुलीच्या हाती द्यायला हरकत नाही.